बारा शब्दांची राखण

१२ जून

धाकट्या,

त्या सकाळी तू घराच्या दाराशी आलास तेव्हा मी बांधणीची खळ ढवळत होतो. तुला पाहिलं, तरी हात थांबवला नाही. खळ विस्तवावर असताना ढवळणं थांबलं की गुठळ्या होतात हे खरंच आहे, पण त्या दिवशी मला ते निमित्त म्हणून उपयोगी पडलं. तू उंबऱ्यातच उभा राहिलास, चपलाही काढल्या नाहीस.

"दादा, तो कागद दे," म्हणालास.

"कुठला कागद?"

"कुठला म्हणजे? बारा शब्दांचा. माझ्या क्रिप्टोची किल्ली. फोन चोरीला गेला माझा. आता तेवढीच राहिली आहे."

पातेल्याचा एक कान तुटका होता. तुझ्या शर्टाला वरचं बटण नव्हतं. आणि मी जे बोललो तेही मला शब्दाला शब्द आठवतं: "तो होय? रद्दीत गेला असेल बाबा. मागच्या आवराआवरीत तीन पोती गेली."

तुझी वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती, ती तशीच मध्ये थांबली. तू म्हणालास, "माझं सगळं आयुष्य तुझ्या रद्दीत गेलं आणि तू खळ ढवळतोयस!" मग म्हणालास की या घरात पुन्हा पाय ठेवणार नाहीस. ते तू पाळलंस. चार वर्षं झाली.

लिहायचं कारण असं की कागद सापडला आहे. दुकानाची जागा सोडायची आहे. आता रजिस्टरं बांधून घेणारं कुणी उरलं नाही, सगळ्या कचेऱ्या कॉम्प्युटरवर गेल्या. सामान हलवताना मोठ्या कपाटामागे तो मिळाला. देवाची कृपा म्हणायची. कुठे आणि कसा पाठवू ते कळव. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुझ्या जुन्या साहेबांकडून पत्ता मिळवून लिहितो आहे.

तुझ्या वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. आता सुईत दोरा तीच ओवते, मला दिसत नाही. बाकी ठीक.

दादा


२३ जून

धाकट्या,

उत्तर नाही. डाक हळू चालते, असं तुझी वहिनी म्हणते. ती माझी समजूत घालते आहे हे मला कळतं, आणि मला कळतं हे तिलाही कळतं. तरी दोघंही डाकेला नावं ठेवतो.

आज दुकानाची मागची खोली रिकामी केली. तुझं यंत्र होतं तिथे भिंतीवर अजून तपकिरी डाग आहे, कुणी इस्त्री विसरून गेल्यासारखा. आठवतं, तू ते आणलंस तेव्हा? लोखंडी मांडणी, उघडे पंखे, आणि दिवसभर घरघर. आई बघायला आली आणि म्हणाली, "याला ताप आलाय का रे?"

"ताप नाही आई, ते गणितं सोडवतंय."

"मग तुझ्यापेक्षा हुशार म्हणायचं. तुला कधी सुटली नाहीत."

विजेचं बिल पाहून मी वैतागायचो, पण ती ऊब मला आवडायची. नव्या पुठ्ठ्यांची खळ एका दुपारीत वाळायची. तू बाहेर गेलास की मी गुपचूप पुठ्ठे नेऊन तिथे लावायचो. "दादा, हवा अडते, यंत्र जळेल!" असं तू ओरडायचास. मी म्हणायचो, "नुसतं तापून काय उपयोग? दोन पुठ्ठे तरी वाळू देत."

एका दुपारी मी तुला विचारलं होतं, "ही तुझी नाणी ठेवलीस कुठे?"

"कुठेच नाहीत. नाणं असं काही नसतंच, दादा. फक्त वही असते. कुणाचं किती, एवढी नोंद."

"वही कुणाकडे?"

"सगळ्यांकडे."

मला वाटलं तू थट्टा करतोस. मग तू पुठ्ठ्यांच्या चळतीवर बसून सांगितलंस. बँकेची वही एकच, ती बँकेपाशी, म्हणून बँक म्हणेल ते खरं. इथे तीच वही हजारो लोकांच्या यंत्रांत आहे, अक्षराला अक्षर जुळणारी. मी तुला काही दिलं की ती नोंद सगळ्यांना कळवायची. अशा नोंदींचं एक पान भरतं. ते पान वहीत लावायचा मान कुणाला, तर जो एक कोडं आधी सोडवेल त्याला. "आणि कोडं म्हणजे डोकं नाही हं दादा, हमाली. एक आकडा लावून बघायचा. चुकला. दुसरा लावायचा. तोही चुकला. असं कोट्यवधी वेळा. ज्याचा जुळला त्याचं पान लागतं आणि मजुरी म्हणून त्याला नवी नाणी मिळतात. नवी नाणी जन्माला येतात ती अशी."

"आणि कुणी मागचं पान गुपचूप बदललं तर?"

मी तेव्हा एक जाड रजिस्टर शिवत होतो. घडी घातलेल्या कागदांची एक जुडी म्हणजे एक फर्मा, असे बारा-पंधरा फर्मे एकावर एक. तू ते माझ्या हातातून ओढून घेतलंस. "तुझा दोरा या फर्म्यातून निघून आधीच्या फर्म्याच्या टाक्यात अडकतो ना? मधला एक काढून दाखव बघू."

मी म्हटलं, "मधला काढायचा तर पुढची सगळी शिवण उसवावी लागेल."

"हेच! प्रत्येक पानात आधीच्या पानाचा ठसा असतो. मागे एक अक्षर बदललं की ठसा बदलतो, मग पुढचं पान जुळत नाही, त्याच्या पुढचंही जुळत नाही. सगळी कोडी नव्यानं सोडवायची, आणि तोवर बाकीचे कुठल्या कुठे गेलेले. खोटं लिहायला इतका खर्च येतो की खरं लिहिणंच परवडतं."

मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, पण हे मला समजलं. बहुधा हातात सुई होती म्हणून समजलं. तुझं ते शेवटचं वाक्य दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला बसलो तेव्हाही डोक्यात होतं.

पुढे यंत्र विकून तू दूर नोकरीला निघालास आणि जाताना तो कागद दिलास. एका बाजूला अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ, दुसऱ्या बाजूला बारा इंग्रजी शब्द. म्हणालास, "ही माळ म्हणजे माझा पत्ता. हा कुणालाही दाखव. पेटी काचेची आहे, आत किती आहे ते सगळ्या जगाला दिसतं. पण हे बारा शब्द म्हणजे किल्ली. ज्याला हे ओळीनं माहीत, पैसा त्याचा. फोटो काढायचा नाही, फोनमध्ये लिहायचे नाहीत. हरवले तर अर्ज करायला खिडकी नाही की रडायला साहेब नाही."

"मग तुझ्याकडेच ठेव की."

"माझा मला भरवसा नाही. तुझ्या हातून आजवर एक पान तरी गहाळ झालंय का?"

नाही झालं, धाकट्या. तेव्हाही नव्हतं झालं. मागच्या पत्रात कागद कपाटामागे मिळाला असं लिहिलं. कपाटामागे फक्त धूळ होती.

दादा


९ जुलै

धाकट्या,

अर्धं सांगून गप्प बसलो, त्यानं पंधरा दिवस जेवण गोड लागलं नाही. आता पुरतं सांगतो.

तू कागद मागायला आलास त्याच्या आठ दिवस आधी तुझा तो मित्र दुकानात आला होता. चकचकीत बुटांचा. माझ्या मनात त्याचं नाव दुप्पटवाला पडलं, कारण त्याच्या माहितीपुस्तिकेवरच लिहिलं होतं, तुमचं क्रिप्टो आमच्याकडे ठेवा, शंभर दिवसांत दुप्पट. दोनशे पुस्तिका बांधायच्या होत्या. "तुमच्या भावानं पाठवलंय, काका. दादा स्वस्तात करून देईल म्हणाला."

मी फर्मे मोजले. चोवीस पानांतली सोळा कोरी. मी विचारलं, "साहेब, ही छापायची राहिली का?"

तो हसला. "नाही हो काका. जाड दिसलं की लोकांना वजन वाटतं."

तीस वर्षं मी पुस्तकं बांधतोय. कोरी पानं घालून पुस्तक जाड करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो निघून गेल्यावर मी कागद काढला आणि बारा शब्द पाठ करायला बसलो. कसले शब्द ते! एक भाजी, एक जनावर, एक हत्यार, कशाचा कशाला मेळ नाही. मीच बांधलेल्या शब्दकोशात अर्थ पाहिले आणि पाढ्यांसारखे घोकले. तीन दिवस लागले.

त्याच आठवड्यात आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकाची पाठ उसवली होती. पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाची पट्टी लावतात, तिथे रद्दीतलाच कागद चालतो. मी तुझा कागद तेलकट कागदात गुंडाळून तिथे घातला, वरून कापड चिकटवलं आणि पुस्तक आईला परत दिलं.

म्हणजे तू उंबऱ्यात उभा होतास तेव्हा कागद तुझ्यापासून दहा पावलांवर, आईच्या मांडीवर होता.

मी तुला कोऱ्या पानांचं सांगायला हवं होतं. भांडायला हवं होतं. पण भांडणात तू लहानपणापासून मला हरवतोस, आणि कागद मागतानाचे तुझे डोळे पाहून मला खात्री पटली की तू सगळं उचलून त्याच्या हातात ठेवणार. म्हणून मी सोपं ते केलं, खोटं बोललो. पाच महिन्यांनी दुप्पटवाला पळाला, तुझ्याबरोबरचे लोक बुडाले हे कानावर आलं. त्या दिवशी मला आनंद झाला. लोकांचं वाटोळं झालेलं असताना मी देवाचे आभार मानले, कारण माझं खरं ठरलं होतं.

तेव्हाच तुला लिहायचं. पण वाटलं, तू विचारशील, पाच महिने का गप्प बसलास? मग सात झाले. मग वर्ष. प्रत्येक नवा महिना मागच्याला अडकून बसला आणि एक टाका उसवायचा तर सगळंच उसवावं लागणार, हे तूच मला शिकवलं होतंस.

आता आईचं.

शेवटच्या महिन्यात ती रोज विचारायची, "धाकटा येतोय ना?" मी म्हणायचो, "सुट्टी मिळत नाही त्याला." ती म्हणायची, "असला कसला मेला साहेब! लाव त्याला फोन, मीच झापते." मी हसून टाळायचो. तुला मी निरोप पाठवला होता, आईची तब्येत बरी नाही. तुला वाटलं असेल, हा घरात बोलावण्याचा बहाणा. चार शब्द पुरले असते, कागद माझ्याकडे आहे, ये. ते मी लिहिले नाहीत. लिहायला फोन हातात घेतला होता. मग वाटलं, उद्या लिहू.

ती गेली तेव्हा पुस्तक तिच्या छातीवर होतं. ते मीच उचलून ठेवलं.

तू आला नाहीस म्हणून नातेवाईक तुला नावं ठेवत होते. मी मान खाली घालून ऐकत होतो. त्यांना वाटलं, भावाची लाज वाटते याला.

दादा


२८ जुलै

धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. वहिनीच्या फोनवर, दोनच शब्द: फोटो पाठवा. तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "दोनच शब्द आहेत. पण आहेत." मग चष्मा वर सरकवून विचारलं, "कसला फोटो?"

धाकट्या, तिला काहीही माहीत नव्हतं. चार वर्षं. मी तिला कटाईच्या टेबलाशी बसवलं आणि सगळं सांगितलं. शब्द विसरू नयेत म्हणून रोज सकाळी प्रार्थना संपली की डोळे मिटल्यामिटल्या मी ते बारा शब्द ओळीनं म्हणतो, हेही सांगितलं.

"म्हणजे ते स्तोत्र नव्हतं?"

"नाही."

"मी शेजारणीला सांगितलं, आमचे हे आता इंग्रजीतूनही देवाचं करतात! आणि तुम्ही रोज देवापुढे किल्ल्या वाजवत होतात?"

मला हसू आलं. तिलाही आलं, पण ती लवकर थांबली. म्हणाली, "चोरी नाही केलीत, मान्य. पण याला राखण म्हणत नाहीत. ज्याची वस्तू त्याला माहीत असेल, तरच ती राखण."

आता जे सांगतो तेही तिला सांगितलं, म्हणून तुलाही लिहितो.

कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्त करणारा पोरगेला माणूस आहे. तुझ्या पत्त्याची ती माळ मी एका चिठ्ठीवर उतरवून घेतली होती. दर शनिवारी त्याच्याकडे जायचं, चिठ्ठी द्यायची, तो ती टाइप करून आत किती आहे ते दाखवायचा. भाव कधी आभाळाला टेकायचा, कधी आपटायचा. तुझी नाणी मात्र तेवढीच असायची. तो मला चिडवायचा, "काका, दर शनिवारी दुसऱ्याच्या लग्नातली ताटं मोजायला येता तुम्ही. जेवायला कधी बोलावणार कोणी?"

गेल्या वर्षी वहिनीच्या डोळ्यांवर पडदा आला. डॉक्टर म्हणाले, थांबू नका. दुकानात तेव्हा काम नव्हतंच. मी त्या मोबाइलवाल्याला गोल गोल बोलून विचारलं, एखाद्याकडे असे शब्द असले तर तो काय करतो? "सोपं आहे काका. फोनमध्ये एक ॲप घ्यायचं, बारा शब्द ओळीनं भरायचे, की पेटी उघडली." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "पण माझ्यासमोर भरू नका. आणि शब्द दुसऱ्याचे असतील तर कुणाहीसमोर भरू नका."

त्याच्याकडून जुना फोन आणला. दुपारी दुकानाचं दार लोटून बसलो. तुला नंतर सांगू, धाकटा नाही म्हणणार नाही, आजारपण आहे, असं मनाशी बोलत एकेक शब्द भरत गेलो. सात भरले. आठव्यापूर्वी डोळे आपोआप मिटले. रोजची सवय. प्रार्थनेतली. मिटल्या डोळ्यांनी मी तिथे बसलो आणि मला कळलं की हे शब्द मी तीन वर्षं कुणापुढे म्हणत आलोय.

फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी परत दिला. कटाईचं मशीन विकलं आणि ऑपरेशन झालं.

पाच शब्द कमी पडले म्हणून मी चोर झालो नाही. याचा मोठेपणा घेण्यासारखं काही नाही. थकलो होतो, एवढंच खरं असेल.

आता तुझ्या फोटोबद्दल. फोटो पाठवणार नाही. रागावू नकोस, हा तुझाच नियम आहे. फोटो फोनात राहतो, फोनातून कुठे कुठे जातो, आणि ज्यानं पाहिला त्याची किल्ली होते. चार वर्षं एक गोष्ट वाईट सांभाळली, आता शेवटी तरी नीट पोचवू दे.

दादा


५ ऑगस्ट

धाकट्या,

परवा तुझा दुसरा निरोप आला: आईचं पुस्तक कुणाकडे आहे. पुढे प्रश्नचिन्हही नाही. वहिनीनं तो वाचला आणि उठून कपाटातून पुस्तक आणून माझ्यासमोर ठेवलं.

मी काल सुरीनं पाठीचं कापड सोडवलं. कागद होता तसा आहे. तुझं अक्षर तेव्हाही किती वाईट होतं! तो वेगळ्या पाकिटात घालून पाठवावा असं आधी ठरवलं होतं. मग तुझा निरोप पुन्हा वाचला आणि कागद परत जागेवर ठेवला. पुस्तक नव्यानं शिवलं. वहिनीनं सुईत दोरा ओवून दिला. कोपरे मुद्दाम बदलले नाहीत. पानं उलटताना आई अंगठा लावायची, त्याचे डाग तिथे आहेत, ते मी पुसणार नव्हतो.

म्हणून हे पत्र पुस्तकाच्या वर ठेवून पाठवतो आहे. पाठीच्या खालच्या टोकाला लाल दोऱ्याची एक गाठ दिसेल. तेवढीच काप. कापड उचललं जाईल आणि कागद निघेल. बाकी शिवणीला हात लावू नकोस, पानं सुटतील.

पुढचं नीट वाच. तुझे शब्द मला पाठ आहेत. विसरायचा प्रयत्न केला, पण पाढे कुणी विसरतं का? म्हणजे किल्ली दोघांकडे आहे, आणि ती तशी असू नये. मोबाइलवाल्यानं सांगितलं की नवी पेटी काढता येते, नव्या बारा शब्दांची, आणि जुन्या पेटीतलं सगळं तिच्यात हलवता येतं. एकदा हललं की माझे शब्द रिकाम्या पेटीचे होतात. कागद हातात आला त्याच दिवशी हे कर. आधी दुसरं काही करू नकोस, मला शिव्या द्यायलाही थांबू नकोस. मला बाहेर ठेव.

त्या पैशाचं तू काय करायचं ते मी सांगणार नाही. पुन्हा एखादा दुप्पटवाला भेटला तरी नाही. पुस्तिका दाखवलीन तर पानं तेवढी उलटून बघ, इतकंच म्हणतो, आणि तेही म्हणायला नको होतं.

माफी मागण्याचा मजकूर तीनदा लिहिला आणि फाडला. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तुझ्यावर आणखी एक ओझं कशाला?

आज सकाळी टपाल कचेरी उघडायच्या आधीच मी पार्सल घेऊन दारात उभा होतो. खिडकीतल्या बाईंनी वजन केलं आणि विचारलं, "आत काय आहे?"

मी म्हटलं, "आईचं पुस्तक."

हे शेवटचं मी तिथेच उभ्यानं लिहितो आहे. त्या म्हणतात, पत्र घालायचं असेल तर लवकर घाला, मागे रांग आहे.

दादा


१७ ऑगस्ट, शनिवार

धाकट्या,

आज सकाळी चिठ्ठी घेऊन मोबाइलवाल्याकडे गेलो. गेल्या शनिवारी आकडा होता तसाच होता. तो म्हणाला होता, "काका, ताटं तेवढीच आहेत." आज त्यानं टाइप केलं आणि त्याचा चेहरा उतरला. पुन्हा टाइप केलं. मग फोन माझ्याकडे फिरवला.

"काका, शून्य! काल दुपारी सगळंच्या सगळं दुसऱ्या पत्त्यावर गेलंय. लुटलं की हो कुणीतरी!"

मी पडद्याकडे पाहिलं. मला आकडे दुरून दिसत नाहीत, पण शून्य दिसलं.

"लुटलं नाही," मी म्हटलं. "पोचलं."

त्यानं पडद्यावर बोट लावून दाखवलं, "नवा पत्ता इथे लिहिलेला दिसतोय. वही सगळ्यांचीच आहे. उतरवून देऊ? दर शनिवारी बघता येईल."

त्यानं पेन काढलं होतं. खरं सांगतो, माझा हात पुढे झाला होता.

मी नको म्हटलं.

दुकानात परत आलो. आता तिथे एक टेबल, एक स्टूल आणि दाराशी रद्दीचं पोतं एवढंच उरलं आहे. उद्या जागेचा मालक कुलूप लावेल. पत्त्याची ती जुनी चिठ्ठी खिशातून काढली. घडीवर इतकी झिजली होती की उलगडताना मधोमध फाटली. चार वर्षांपूर्वी तुला म्हणालो होतो, कागद रद्दीत गेला. आज एक कागद मी स्वतःच्या हातानं रद्दीत टाकला आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं.

दादा